कोणते काम बाहेर द्यावे?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

लाँड्री आणि हाउसकीपिंग ही दोन्ही कामे कंत्राटदाराला द्यावीत का, यावर मालकांनी तुझ्याकडून टिपण मागितले आहे आणि आलेली तिन्ही कोटेशन तू मला पाठवलीस. दर मी नीट पाहिले. पण हा निर्णय दरांवरून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काम बिघडले, तर पाहुण्याला त्याची झळ लागण्याआधी ते सुधारायला आपल्या हाती किती वेळ असतो, हे प्रत्येक कामाबाबत आधी तपासून पाहा. पेस्ट कंट्रोल, बागकाम किंवा बाहेरच्या काचांची सफाई नीट झाली नाही, तर माणसे दुसऱ्या दिवशी परत बोलावता येतात. ही कामे निःशंकपणे बाहेर दे. लिफ्टची देखभाल आपल्या माणसांचे कामच नव्हे, त्यामुळे तेथे तंत्रज्ञ किती वेळात पोहोचेल एवढे करारात लिहून घे. खोलीच्या बाथरूममध्ये राहिलेला केस मात्र थेट पाहुण्यालाच दिसतो.

लाँड्री या दोहोंच्या मधली आहे, कारण तेथे वेळ विकत घेता येतो आणि तो चादरींच्या रूपाने घ्यावा लागतो. एक संच पलंगावर, एक धुलाईत आणि एक लिनन रूममध्ये, असा तीन पारचा (पार म्हणजे सर्व पलंगांना एकदा पुरेल असा पूर्ण संच) हिशेब हॉटेलच्या स्वतःच्या लाँड्रीला पुरतो. कपडे बाहेर जाऊ लागले की एक संच कायम वाटेत असतो, म्हणून चार पार तरी हवेत, आणि डोंगरावरच्या हॉटेलला पावसाळ्यासाठी पाच. हा खर्च कोणत्याही कोटेशनमध्ये दिसत नाही.

मी पाचगणीच्या एका साठ खोल्यांच्या हॉटेलात हाउसकीपिंग सांभाळत असताना आम्ही धुलाई खाली वाईला दिली. किलोमागे दर खरोखरच कमी पडत होता. पार मात्र मी तीनच ठेवला. १५ ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्टीत पसरणी घाटात दरड कोसळली आणि धुतलेल्या कपड्यांची गाडी खाली अडकली. लॉबीत पाहुणे बॅगा घेऊन बसलेले, आणि आम्ही जमतील तेवढ्या चादरी हातांनी धुऊन, स्टाफच्या जेवणाच्या टेबलांवर घोंगड्या अंथरून त्या ओल्या असतानाच इस्त्रीने वाळवत होतो. वाफेने मुलांचे हात लाल झाले होते. कंत्राटदाराची त्यात काहीच चूक नव्हती. वाचलेले पैसे मी मांडले आणि वाढवायच्या चादरी मांडल्या नाहीत, ही चूक माझी होती आणि तिची किंमत त्या मुलांनी मोजली, याची खंत मला आजही आहे.

आता कराचे पाहा. तुमच्या सर्व खोल्यांचे भाडे ७,५०० रुपयांच्या आत आहे. अशा खोल्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी लागतो, पण इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा करून घेण्याची सोय, मिळत नाही. त्यामुळे मनुष्यबळ पुरवणाऱ्याच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी सरळ आपल्या खर्चात जातो. आपल्या नोकरांच्या पगारावर असा कर नसतो. हाउसकीपिंगमध्ये तू दाखवलेली ११ टक्के बचत करापूर्वीची आहे. कर धरला की १०० रुपयांच्या जागी सुमारे १०५ रुपये जातात.

कायद्याकडेही लक्ष असू दे. कंत्राटदाराने मजुरी थकवली तर ती मुख्य मालकाला, म्हणजे काम देणाऱ्या हॉटेलला, द्यावी लागते, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या श्रमसंहितेतही आहे. म्हणून पीएफ आणि ईएसआयची चलने पाहिल्याशिवाय बिल मंजूर करू नकोस. त्याच संहितेत मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावण्यावर बंधन आहे. कारखान्याला हाउसकीपिंग हे मुख्य काम नाही असे म्हणता येईल. पण खोल्या देणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय तसे गृहीत धरू नये.

माझा सल्ला असा, की खोल्या आपल्याच माणसांकडे ठेव आणि लाँड्री दे. मात्र टॉवेलपुरते एक मशीन आणि ड्रायर विकू नकोस. तुमच्या लाँड्रीतल्या जुन्या माणसांपैकी एकाला तरी, आलेला माल तपासण्यासाठी, कायम ठेव. चादर पिवळी पडली ती जास्त ब्लीचमुळे की नीट न खळबळल्यामुळे, हे ओळखणारे कोणी हॉटेलात उरले नाही, तर कंत्राटदार सांगेल ते ऐकून घ्यावे लागते.

करारावर सही होण्यापूर्वी त्या लाँड्रीत एखाद्या संध्याकाळी न कळवता जा. हॉस्पिटलचे कपडे त्याच मशीनमध्ये पडतात का ते पाहा आणि धुऊन ठेवलेला एक टॉवेल उजेडात धरून त्याची किनार तपास. टिपण त्यानंतर लिही, आणि मालकांना देण्याआधी मला दाखव.