मोटरसायकलवर दोघं आणि सामान: मालवणला जाताना काय कुठे बांधायचं?

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात दादरहून पत्नीसोबत १५० सीसीच्या मोटरसायकलवर मालवणला जायचं आहे, तुमचं वजन ७२ किलो, त्यांचं ५६, सामान म्हणजे दोन सॅडलबॅगा आणि एक मोठी सॅक, तर हे सगळं गाडीवर कसं बांधावं. कसं बांधायचं ते सांगतेच, पण त्याआधी किती न्यायचं ते ठरवा. तिथेच बहुतेकांचं चुकतं, आमचंही चुकलं होतं.

मी भांडुपला राहते, माहेर कणकवलीजवळ. आठ वर्षं हा रस्ता मी नवऱ्याच्या मागे बसून केला, गेली पाच वर्षं आम्ही दोघं आळीपाळीनं गाडी चालवतो. जाताना आमचं सामान नेहमी बेताचं असायचं. घोळ झाला तो परतताना. निघायच्या दिवशी आईनं पाच किलो तांदूळ, दहा नारळ, कोकमं आणि हापूसची लहान पेटी काढून ठेवली. नाही म्हणवेना. सगळं मागच्या कॅरियरवर एकावर एक रचलं आणि घट्ट बांधलं. सपाट रस्त्यावर फक्त हँडल जरा हलकं लागत होतं. चिपळूण सोडून परशुराम घाट चढायला लागलो तसं पुढचं चाक रस्ता सोडतंय की काय असं वाटायला लागलं, आणि एका वळणावर गाडी वळेचना, सरळ बाहेरच्या बाजूला ओढली गेली. समोरून एसटी येत होती. एसटीच्या चालकानं गाडी बाजूला दाबली म्हणून आम्ही वाचलो. खेडला थांबून पाहिलं तर कॅरियरच्या वेल्डिंगला तडा गेला होता. तांदूळ आणि नारळ तिथेच एका ओळखीच्या घरी ठेवले. तेव्हापासून वजनाचा हिशेब केल्याशिवाय मी गाडीला किल्ली लावत नाही.

हिशेब साधा आहे. गाडीच्या पुस्तिकेत दोन आकडे असतात. एक पेट्रोल-ऑइलसह रिकाम्या गाडीचं वजन आणि दुसरा माणसं-सामान धरून कमाल एकूण वजन. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची मुभा. समजा तुमच्या पुस्तिकेत १४५ आणि २९० लिहिलंय, तर १४५ किलो मिळाले. तुम्ही दोघं १२८. दोन हेल्मेट, जॅकेट, बूट मिळून सहा किलो सहज होतात, झाले १३४. उरले ११ किलो. दोन सॅडलबॅगा, सॅक, पाण्याच्या बाटल्या, हत्यारं आणि कुलूप-साखळी मिळून ११ किलो. मोठी सॅक भरली तर एकटीच तेवढी होते. तुमचे खरे आकडे वेगळे असतील, पण १५० सीसीच्या गाडीवर दोन मोठी माणसं बसल्यावर फार काही उरत नाही, हे धरूनच चला. वजन अंदाजानं धरू नका. घरच्या काट्यावर बॅग घेऊन उभे राहा आणि मग बॅगेशिवाय. आमच्या इमारतीत रद्दीवाला येतो, त्याच्या तराजूवरही मी बॅगा मोजल्या आहेत.

मर्यादेबाहेर जात असेल तर मोठी सॅक आधीच खासगी ट्रॅव्हल्सच्या बसनं मालवणला पाठवून द्या. रात्री चढवली की सकाळी तिथे उतरवून घेता येते. तुमच्या पत्नीला हे सांगताना सामान त्यांचं जास्त आहे असा सूर लावू नका. वजन दोघांचं मिळून आहे.

आता वजन कुठे ठेवायचं. मशीद बंदरला हातगाडीवर माल रचताना कधी नीट बघा. गाडीवाला जड पोती आसाच्या वर, थोडी पुढच्या अंगाला ठेवतो. माल मागे गेला तर दांडा वर उचलला जातो आणि गाडी त्याच्या हातात राहत नाही. मोटरसायकलचंही तेच. मागच्या चाकाच्या आसामागे जे काही टांगाल ते पुढचं चाक उचलायला बघतं, आणि वळणं, तसंच ब्रेकचं मोठं काम त्याच पुढच्या चाकावर असतं. आमचे तांदूळ-नारळ नेमके तिथे, वर आणि मागे होते. दोन्ही चुका एकाच ठिकाणी.

म्हणून जड वस्तू सॅडलबॅगेत, तळाला, आणि बॅगेच्या पुढच्या टोकाला, म्हणजे मागे बसणाऱ्याच्या पोटरीजवळ. हत्यारं, पॉवर बँक, चपला, शँपूच्या बाटल्या, सगळं तिथे. मागच्या रॅकवर फक्त हलकं आणि फुगीर, म्हणजे टॉवेल, रेनकोट, जॅकेटचं अस्तर. रॅकवर किंवा पुस्तिकेत त्याची मर्यादा दिलेली असते, लहान गाड्यांत ती पुष्कळदा एक आकडी असते, आणि ती दणकट वाटली तरी ओलांडू नका. डावी-उजवी बॅग सारखी भरा, एका किलोपेक्षा जास्त फरक नको. टँकबॅग, म्हणजे पेट्रोलच्या टाकीवरची बॅग, लावत असाल तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. हॉर्न दाबला जात असेल किंवा हँडल अडत असेल तर ती बॅग घरी ठेवा. पाठीवर सॅक लावून चालवू नका. पाच तासांनी खांदे बोलायला लागतात, आणि मागच्या माणसाच्या तोंडावर ती सॅक सतत आपटते.

सायलेन्सरकडे विशेष लक्ष द्या. कापडी सॅडलबॅग रिकामी असताना लांब दिसते, भरली आणि माणूस बसला की खाली लोंबते आणि सायलेन्सरला टेकते. बॅग वितळते, कधी पेटते. पत्नीला मागे बसवून, तुम्ही बसून, दुसऱ्या कुणाला तरी खाली वाकून बघायला सांगा की किमान चार बोटं अंतर आहे का. चांगला उपाय म्हणजे बॅगेला आतून आधार देणारा लोखंडी सांगाडा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा तुमच्या मेकॅनिककडे तो मिळेल. तो बसवताना मेकॅनिक साडीगार्ड आणि मागची पकड काढून ठेवायला सांगतात, ते ऐकू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२३ व्या नियमानुसार मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवायला जागा आणि मागचं निम्मं चाक झाकणारं संरक्षण असायलाच हवं. पण कायद्यापेक्षा तुमच्या पत्नीची ओढणी महत्त्वाची.

ओढणीबद्दल मला पोटतिडकीनं सांगायचंय. ओढणी, साडीचा पदर, स्टोलचं टोक, लोंबणारा बॅगेचा पट्टा चाकात किंवा चेनमध्ये गेला की सोडवायला क्षणही मिळत नाही. प्रवासात ओढणी नकोच. पँट, घोट्यावरचे बूट, अंगाबरोबरचं जॅकेट. आणि एका बाजूला पाय सोडून बसणं पाचशे किलोमीटरच्या रस्त्यावर अजिबात नको. तसं बसलं की सगळा भार एकीकडे जातो आणि खड्ड्यात धरायला काही राहत नाही.

बांधायला हुकवाल्या रबरी दोऱ्या बहुतेकांकडे असतात. मी त्या वापरणं सोडलं. ताणलेला हुक सुटला तर सरळ डोळ्याकडे येतो, आणि दोरी ढिली पडली तर ती चाकातच जाते. बकल असलेले न ताणणारे पट्टे घ्या, किमान दोन, एकमेकांना छेद देणारे. पूर्वी आमच्याकडे सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बांधायचे, ती आजही सामानावर टाकायच्या जाळीखाली आधार म्हणून छान बसते, पण एकटीच्या भरवशावर काही सोडू नका. पट्ट्याची उरलेली टोकं गुंडाळून टेपनं चिकटवा. टेललाइट, इंडिकेटर, नंबरप्लेट झाकली जात नाही ना ते मागे दहा पावलं जाऊन बघा.

गाडीच्या तयारीत मागच्या चाकाची हवा सर्वांत आधी. पुस्तिकेत एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगळे आकडे असतात. पल्सर १५० ला मागे एकट्यासाठी २८ आणि दोघांसाठी ३२ पीएसआय भरतात. तुमच्या गाडीचा जो असेल तो, आणि टायर थंड असताना, म्हणजे घराजवळच्या पंपावर सकाळीच भरा. वाटेत दुपारी तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसेल, तो पाहून हवा सोडू नका. मागच्या शॉकअपच्या तळाशी खाचा असतात, हुक पान्यानं त्या एक-दोन घर कडक करा, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात गाडी तळाला आदळेल. मागचा भाग दबला की हेडलाइट वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो, तो खाली करून घ्या. चेनचा ढिलेपणा सामान आणि माणूस बसल्यावर एकदा तपासा, कारण मागचा भाग दबल्यावर चेन ताणली जाते.

मागे बसणं हेसुद्धा एक काम आहे आणि ते कुणी शिकवत नाही. चालवणाऱ्यानं दोन्ही पाय जमिनीवर रोवून 'बस' म्हटल्याशिवाय चढायचं नाही. गाडी साइड स्टँडवर असताना तर मुळीच नाही, स्टँड वाकतो. मे महिन्यात तर डांबर मऊ असतं आणि भरलेल्या गाडीचा स्टँड त्यात रुतून गाडी आडवी होते, म्हणून थांबताना खाली चपटा दगड ठेवा. वळणावर मागच्यानं वेगळं काही करायचं नाही, फक्त वळणाच्या आतल्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघायचं. अंग आपोआप बरोबर झुकतं. घाबरून उलट बाजूला झुकलं की गाडी वळत नाही. आमच्या परशुराम घाटात मीही तेच केलं होतं, त्या कॅरियरच्या जोडीला. पाय सिग्नललाही खाली ठेवायचे नाहीत. आमच्यात एक खूण ठरलेली आहे: खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांब. हेल्मेटमधून ओरडून काही कळत नाही. मागच्यालाही आयएसआयचं हेल्मेट हवं, मुंबईत २०२२ च्या जूनपासून पोलिसांनी त्याची सक्ती सुरू केली.

वहिनींना एकदम लांब नेऊ नका. जायच्या आधीच्या रविवारी सगळं सामान बांधून पहाटे घोडबंदर रोडवर गायमुख घाटापर्यंत जाऊन या. ब्रेक किती लांबून लावावा लागतो ते तिथेच कळेल. एरवीपेक्षा खूप लांबून लावावा लागतो. ओव्हरटेकसाठी मोकळा रस्ताही तेवढाच जास्त लागतो. उतारावर नुसत्या ब्रेकवर राहू नका, खालच्या गिअरमध्ये उतरा.

निघताना लक्षात ठेवा, अटल सेतू आणि पूर्व मुक्त मार्गावर दुचाकीला बंदी आहे. सायन-पनवेलनंच जा, पहाटे पाचला. पनवेलला थांबून सगळे पट्टे हातानं ओढून बघा, पहिल्या तासात सामान बसतं आणि पट्टे सैल होतात. मुक्काम चिपळूणला करा, ते जवळजवळ निम्म्या वाटेवर आहे. एका दिवसात मालवण गाठायच्या नादात शेवटचे दोन तास थकव्यात जातात.

आणि परतताना आंब्याची पेटी मिळेलच. घ्या, नाही म्हणू नका. ती ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये चढवा आणि दादरला उतरवून घ्यायला घरच्या कुणाला तरी पाठवा.