दात पांढरे करताना कळा येतायत, ट्रे लावणं बंद करू का?

ताई, तुमचा प्रश्न असा की लग्नाला सव्वीस दिवस उरलेत, डॉक्टरांनी दातांवर बसेल असा मापाचा ट्रे करून दिलाय, त्यात दात पांढरे करायचं 16 टक्क्यांचं जेल घालून तुम्ही रोज रात्रभर लावताय. चार रात्री झाल्या. तिसऱ्या रात्रीपासून गार पाणी लागलं की पुढच्या दातांत सणकन कळ जाते, कधी काही न लागताही जाते. दात खराब होतायत का, आणि हे बंद करू का?

मी जळगावला दातांची डॉक्टर आहे. दात खराब होत नाहीयेत. कायमचं बंदही करायची गरज नाही. पण आज रात्री ट्रे लावू नका, उद्या-परवाही नको.

कळ कुठून येते ते सांगते, म्हणजे घाबरणार नाही. हे जेल कार्बामाइड पेरॉक्साइडचं असतं. तोंडात ओलावा मिळाला की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, जेलच्या टक्केवारीच्या साधारण एक तृतीयांश. तुमच्या 16 टक्क्यांतून साडेपाच-सहा टक्के, 10 टक्क्यांच्या जेलमधून साडेतीनच्या आसपास. याचा कण इतका बारीक असतो की दाताचं वरचं कवच आणि आतला थर पार करून पाच ते पंधरा मिनिटांत नसेपर्यंत पोचतो. नस चिडते आणि कळ मारते. कवच झिजलं म्हणून ही कळ येत नाही. जेल थांबवलं की बहुतेकांची दोन-चार दिवसांत आपोआप जाते.

मी हे स्वतः सोसलंय. शिकत असताना मी खुर्चीत बसून करतात ते ब्लीचिंग करून घेतलं होतं, त्यात जेल 35 ते 40 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं असतं. दुसऱ्या दिवशी गावी निघाले. मे महिना, भुसावळ स्टेशन, दुपारची वेळ. फलाटावर बाटलीतलं गारेगार पाणी तोंडाला लावलं आणि वरच्या दोन दातांतून निघालेली कळ डोळ्याच्या मागे जाऊन थांबली. ओठ हाताने दाबून मी बाकावर बसून राहिले, गाडी आली तरी उठवेना. तिसऱ्या दिवशी सगळं शांत. पण तेव्हापासून पेशंट 'कळ जाते' म्हणाला की ती मी हलक्यात घेत नाही. त्या ब्लीचिंगला निळा दिवा लावतात, त्याने दात जास्त पांढरे राहतात असंही नाही. दिव्याच्या उष्णतेने कळ मात्र वाढू शकते. त्यामुळे 'घरचं जमत नाही तर एका बैठकीत करून टाकू' हा विचार आत्ता मनात आणू नका.

आता उपाय. सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. आपण ज्याला सोरा म्हणतो, फटाक्यांच्या दारूत असतो, तोच. सेन्सिटिव्ह दातांच्या अनेक टूथपेस्टमध्ये तो 5 टक्के असतो, खोक्यावर नाव वाचूनच घ्या. नस शांत करायचं काम तो करतो, पण नुसत्या ब्रशने गुण यायला दोनेक आठवडे जातात आणि तुमच्याकडे तेवढा वेळ नाही. म्हणून ती पेस्ट ट्रेमध्येच घाला. पातळ रेघ ओढा, दहा ते तीस मिनिटं ट्रे तोंडात ठेवा, मग धुऊन टाका. हे आजपासून रोज करा, जेल लावणार नसाल त्या रात्रीही. पेस्टच्या फेसाने हिरड्या चुरचुरल्या तर कमी फेसाची पेस्ट बघा, किंवा डॉक्टरांकडे याच औषधाचं तयार जेल मिळतं का विचारा.

तीन दिवसांनी कळ थांबली की पुन्हा सुरू करा, पण डॉक्टरांकडून 10 टक्क्यांचं जेल मागून घ्या. 1989 साली हेवूड आणि हेमन या दोन अमेरिकन दंतवैद्यांनी रात्री ट्रे लावून दात उजळवण्याची पद्धत पहिल्यांदा छापून मांडली, ती या 10 टक्क्यांवरच. टक्केवारी कमी म्हणजे दात कमी पांढरे होतात असं नाही, दिवस थोडे जास्त लागतात एवढंच. आणि रोज नको, एकाआड एक रात्र. रात्रभरही नको. जेलची निम्मी ताकद पहिल्या दोन तासांतच संपते, तेव्हा जेवण झाल्यावर दोन तास लावून काढलं तरी पुष्कळ झालं.

जेल किती घालता, हे तुम्ही लिहिलं नाहीये. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ जणी ट्रे काठोकाठ भरतात. एका दातामागे ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब, तोही ट्रेच्या पुढच्या बाजूला, बस्स. ट्रे बसवल्यावर हिरडीवर आलेलं जेल कापसाने किंवा बोटाने पुसून घ्या. हिरडी पांढरी पडून चुरचुरत असेल तर समजा की जेल जास्त झालंय किंवा ट्रेचा काठ हिरडीवर चढतोय. काठ डॉक्टर दोन मिनिटांत कापून देतात.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचंही बघायला हवं. पारा 44-45 ला गेला की जेल बाहेर टिकत नाही, फ्रिजमध्येच ठेवा. पण तसंच गार दातांना लावू नका, अर्धा तास आधी बाहेर काढा. प्यायला माठाचं पाणी चालेल, फ्रिजचं नको, बर्फाचा गोळा तर नकोच. कैरी, चिंच, लिंबू पिळलेला उसाचा रस हे सगळं या दिवसांत टाळा, आंबटाने दात आणखी शिवशिवतात. भूक लागली तर केळं खा. रावेर-सावद्याकडची माणसं आपण, केळ्याला कमी नाही, आणि ते मऊ, न आंबट, डागही पाडत नाही.

दात लवकर पांढरे व्हावेत म्हणून कुणी लिंबू आणि खायचा सोडा घासायला सांगेल. हात जोडून सांगते, करू नका. लिंबाच्या आम्लाने कवच विरघळतं आणि ते पुन्हा उगवत नाही. घरात कुणाला मशेरीची सवय असेल तर त्यांचे दात हिरडीजवळ बघा, घासून घासून मूळ उघडं पडलेलं दिसेल. अशा उघड्या मुळाला कळ आधी लागते, आणि जेलने ते पांढरंही होत नाही. तुमचीही हिरडी कुठे खाली सरकली असेल तर तेवढी जागा सोडून जेल लावायचं.

एक गोष्ट मात्र नीट तपासा. पुढच्या बऱ्याच दातांत क्षणभर कळ येऊन जाणं हे जेलचं. एकाच दातात ठणका लागला, तो मिनिटन्‌मिनिट राहिला, झोपेतून उठवू लागला किंवा चावताना दुखलं, तर तिथे कीड, तडा किंवा जुन्या सिमेंटखाली फट असू शकते. तेव्हा सोऱ्याच्या पेस्टवर अवलंबून राहू नका, एक्स-रे काढून घ्या. दुखण्यावरची गोळीही डॉक्टरांना विचारूनच, अ‍ॅसिडिटी किंवा दमा असेल तर नक्कीच.

दिवसांचा हिशोब असा: तीन दिवस विश्रांती, पुढचे पंधरा दिवस एकाआड एक, आणि हळदीच्या आठवडाभर आधी जेल पूर्ण बंद. थांबल्यावर रंग किंचित उतरतो आणि मग स्थिर होतो, त्याला तेवढे दिवस द्या. पुढच्या दातात सिमेंट भरलेलं किंवा कॅप असेल तर ती पांढरी होणार नाही. सिमेंट बदलायचं तर शेवटच्या जेलनंतर दोन आठवडे थांबावं लागतं, म्हणजे तुमचं ते काम लग्नानंतरच.

कळ एका दातात आहे की सगळ्या, आणि समोर काही भरलेलं आहे का, तेवढं मला लिहा.