मराठीतला प्रत्यय उचलून इंग्रजीत टाकू नको
बघ मित्रा, इंग्रजीतले इन, ऑन, ॲट हे प्रिपोझिशन सारखे चुकतात म्हणतोस, पण तुझी चूक इंग्रजीत नाहीये बे, मराठी प्रत्ययात आहे. आपण बसमध्ये म्हणतो आन् रिक्षामध्ये पण, इंग्रजीत मात्र एसटी, सिद्धेश्वर एक्सप्रेस म्हणजे ज्यात उभं राहून चालता येतं तिथं ऑन, आणि रिक्षा-कारला इन. महिन्याला इन, म्हणजे सोलापूरची गड्ड्याची यात्रा इन जानेवारी, पण तारीख आली की ऑन 14 जानेवारी, वेळेला ॲट. 'तिच्याशी लग्न' म्हणून मॅरीड विथ लिहितोस ना, ते मॅरीड टू. डिस्कसला तर अबाउट लागतच नाही, मी स्वतः इंटरव्ह्यूत डिस्कस अबाउट म्हणून बसलोय, जाऊ दे. शब्द एकटा पाठ करू नको, डिपेंड ऑन, गुड ॲट, अफ्रेड ऑफ असं जोडीनंच वहीत लिही.