आर्मर्ड म्हणजे सशस्त्र नाही, आणि तोफखान्याचं तोफदल करायची गरज नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. लष्कराच्या एका सरावाच्या बातमीत वाक्य होतं, ‘या सरावात पायदळ, सशस्त्र दल, तोफदल, अभियंते आणि आयुधनिर्माणी विभाग सहभागी झाले.’ विचारणाऱ्यांची शंका अशी की यातलं सशस्त्र दल म्हणजे नेमकं कोण, शस्त्रं तर सगळ्यांकडेच असतात. आणि तोफखाना हा शब्द आपल्याकडे असताना तोफदल कशाला, की खाना म्हणजे जागा, दवाखान्यासारखी, म्हणून तो माणसांच्या दलाला लावता येत नाही?

पहिली शंका अगदी बरोबर आहे, ते सरळ चुकलंय. मूळ इंग्रजीत आर्मर्ड कोअर, म्हणजे रणगाड्यांची शाखा, असणार, भाषांतर करणाऱ्याने ते आर्म्ड वाचलं. आर्म्ड म्हणजे सशस्त्र, आर्मर्ड म्हणजे चिलखत घातलेलं. मधला एक ‘र’ गेला आणि रणगाडे बातमीतून गायब झाले. सशस्त्र दलं हा शब्द मराठीत भूदल, नौदल आणि हवाई दल मिळून सगळ्यांना वापरतात, त्यामुळे ते वाक्य वाचून असं वाटतं की पायदळ एकीकडे आणि बाकी अख्खं संरक्षण खातं दुसरीकडे.

मग आर्मर्ड कोअरला म्हणायचं काय? चिलखती दल हा शब्द रूढ आहे आणि चांगला आहे, पण मला रोजच्या लिखाणात रणगाडा दल जास्त पटतं. कारण सांगतो. १९७९ पासून आपल्याकडे मेकॅनाइज्ड इन्फंट्री नावाची वेगळी रेजिमेंट आहे, तिचे जवान बीएमपी नावाच्या चिलखती गाडीत बसून जातात आणि गरज पडली की उतरून पायी लढतात. म्हणजे गाडी चिलखती, पण माणूस पायदळाचा. नुसतं चिलखती म्हटलं की वाचणाऱ्याला या दोघांतला फरक कळत नाही, रणगाडा म्हटलं की कळतो. या दोन्ही शाखांची प्रशिक्षण केंद्रं आपल्या नगरला आहेत (आता अहिल्यानगर), आणि तिथलं रणगाड्यांचं म्युझियम ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

काही जण म्हणतात की रणगाड्यांना आधुनिक घोडदळ म्हणावं. भावना समजते, कारण रणगाडा दल खरंच घोडदळातून आलंय आणि तिथली नावं अजून घोड्यावरच आहेत. पायदळातला साधा जवान शिपाई, पण रणगाड्याच्या रेजिमेंटमधला सवार. पायदळात हवालदार, तिथे दफेदार. पायदळात सुभेदार, तिथे रिसालदार. रेजिमेंटची नावंसुद्धा पूना हॉर्स, स्किनर्स हॉर्स, हॉडसन्स हॉर्स. १९६५ ला तारापोर आणि १९७१ ला अरुण खेत्रपाल, दोघंही परमवीर चक्राचे मानकरी, दोघंही पूना हॉर्सचे आणि दोघंही रणगाड्यात होते, घोडा आसपाससुद्धा नव्हता. तरी घोडदळ हा शब्द मी इथे वापरणार नाही, कारण जयपूरला ६१ कॅव्हलरी म्हणून खरे घोडे असलेली रेजिमेंट आजही आहे, तो शब्द तिच्यासाठी राहू द्यावा.

जाता जाता एक गोष्ट. टँक हा शब्द १९१५-१६ मध्ये ब्रिटिशांनी गुप्ततेसाठी ठेवला, पाण्याच्या टाक्या बनवतोय असं भासवायला. आणि पाण्याच्या अर्थाचा इंग्रजी टँक हा कोशकारांच्या मते निदान काही अंशी गुजराती-मराठीतल्या टाक्यावरून आलाय, तोच शब्द जो आपण गडावरच्या खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्याला वापरतो (पोर्तुगीज शब्दाचाही त्यात हात आहे, त्यामुळे सगळं श्रेय घ्यायला नको). पण नुसता विचार करून बघा, रायगडावरचं टाकं आणि नगरच्या म्युझियममधला टँक एकाच शब्दाचे असू शकतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर डोक्यातून जात नव्हतं.

आता तोफखाना, जो मुख्य मुद्दा आहे. खाना म्हणजे जागा हे खरं, पण तेवढंच खरं नाही. मराठेशाहीत कारखाना म्हणजे आजची फॅक्टरी नव्हती, ते खातं होतं. जामदारखाना (मौल्यवान वस्तू), पीलखाना (हत्ती), दारूखाना (तोफेची दारू), तोफखाना ही सगळी खाती, म्हणजे जागा, वस्तू, माणसं, हिशेब, जनावरं सगळं मिळून एक. पेशवाईत तोफखान्याचं काम पानसे घराण्याकडे होतं आणि पानसे तोफखान्याचे सरदार म्हणताना कोणी त्यांना गोदामाचे रखवालदार समजत नव्हतं. नगर शहरातल्या एका भागाचं नाव आजही तोफखाना आहे, तिथे शब्द जागेला चिकटून राहिला, बाकी भाषेत तो दलाला चिकटला. दोन्ही अर्थ खरे.

आणि मला तर वाटतं की खाना हाच शब्द या शाखेच्या कामाला बरोबर बसतो, दल तितका बसत नाही. माझे मामा तोफखान्यात होते, देवळालीला ट्रेनिंग झालेलं. लहानपणी आम्ही त्यांना विचारायचो, मामा तुम्ही तोफ उडवलीत का हो, तर ते म्हणायचे, मी तोफेपाशी नसायचोच. ते टीए होते, टेक्निकल असिस्टंट. पुढे डोंगरावर पायदळासोबत तोफखान्याचा एक ऑफिसर बसलेला असतो, तो दुर्बिणीतून टार्गेट बघतो आणि वायरलेसवर कळवतो, मागे कमांड पोस्टमध्ये टीए नकाशावर मोजमाप करतो, वारा किती, हवा गरम की थंड, तोफेची जागा टार्गेटपेक्षा उंच की खाली, हे सगळं धरून तोफ किती डिग्री फिरवायची आणि किती उचलायची याचा आकडा काढतो, आणि तो आकडा तोफेवरच्या गनरला सांगितला जातो. ज्याने गोळा टाकला त्याला टार्गेट दिसत नाही आणि ज्याला टार्गेट दिसतं त्याच्यापासून तोफ कित्येक किलोमीटर मागे असते. मामांनी एकदा जेवणाच्या ताटावर वाटी, पेला आणि लिंबाची फोड ठेवून आम्हाला हे समजावलं होतं, वाटी म्हणजे तोफ, पेला म्हणजे मधला डोंगर, लिंबाची फोड म्हणजे शत्रूचा बंकर, आणि बोटाने पेल्यावरून कमान काढून दाखवली. १९९९ ला कारगिलमध्ये बोफोर्सने हेच केलं, डोंगराआडून डोंगरावर मारा. तर एवढी सगळी यंत्रणा, गणित, वायरलेस, दारूगोळ्याचे ट्रक, रडार मिळून जे होतं ते खातंच आहे. तोफदल म्हटलं की डोळ्यापुढे फक्त तोफांची रांग येते.

तोफेवरच्या माणसाला जुना शब्द गोलंदाज. फारसीतून आलेला, गोळा फेकणारा, तिरंदाजाचा भाऊ. २८ सप्टेंबर १८२७ ला मुंबई इलाख्यात गोलंदाज बटालियनची जी कंपनी उभी राहिली तिचा वारसा आजही आपल्या तोफखान्यात चालू आहे, आणि २८ सप्टेंबर हाच गनर्स डे म्हणून पाळतात. नंतर क्रिकेटने तो शब्द उचलला, बोलरचा गोलंदाज झाला, त्याच्या जोडीला फलंदाज घडवला, आणि आता गोलंदाज म्हटलं की कोणाच्या डोळ्यापुढे तोफ येत नाही. त्यामुळे आजच्या बातमीत गनरला गोलंदाज लिहू नका, वाचणारा गोंधळेल. शब्द आपला आहे पण आता त्याचं घर बदललंय.

अभियंते या शब्दावर माझा आक्षेप जास्त आहे. अभियंता म्हणजे डिग्रीवाला माणूस, हेल्मेट घालून प्लॅन बघणारा. सैन्यातल्या इंजिनिअर रेजिमेंटमधला साधा जवान सॅपर असतो, त्याचं काम आपल्या फौजेला वाट करून देणं आणि शत्रूची वाट बंद करणं, म्हणजे सुरुंग काढणं, सुरुंग पेरणं, नदीवर पूल टाकणं (ते पूल बांधणं म्हणत नाहीत, टाकणं म्हणतात, काही तासांत होतो). हे काम काय असतं ते बघायचं तर राम राघोबा राणे, कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते आणि रस्ता सुरुंगांनी आणि तोडून टाकलेल्या झाडांनी भरलेला. राणे जखमी झालेले असूनही पुढे सरकत राहिले, एका ठिकाणी रणगाड्याच्या खाली सरपटत, हातातल्या दोरीने वरच्या ड्रायव्हरला चल-थांब सांगत. तीन-चार दिवस हे चाललं. परमवीर चक्र मिळालं आणि ते स्वतः घ्यायला जिवंत होते. आता या माणसाच्या शाखेला ‘अभियंते सहभागी झाले’ म्हणायचं? इंजिनिअर दल लिहा, किंवा सरळ सॅपर्स लिहा, बॉम्बे सॅपर्सचं केंद्र पुण्याजवळ खडकीला आहे, खडकी-दापोडीच्या लोकांना तोच शब्द माहीत आहे. सॅपर फ्रेंचमधून आलाय, खंदक खणणारा. आपल्याकडे फौजेबरोबर खोदकामाला बेलदार असायचे, पण तो शब्द आता जातीशी जोडला गेलाय, तो परत आणू नये असं माझं मत.

आयुधनिर्माणी ही तिसरी चूक आहे आणि ती फार ठिकाणी दिसते. आयुधनिर्माणी म्हणजे शस्त्रं-दारूगोळा बनवणारी फॅक्टरी, वरणगाव, अंबाझरी, भंडारा वगैरे, तिथे काम करणारे सिव्हिलियन. ऑर्डनन्स कोअर ही सैन्याची शाखा आहे, ती बनवत नाही, साठवते आणि पुरवते, पुलगावचा मोठा डेपो तिचा. बातमीतला सरावात आलेला विभाग हाच असणार. याला आयुध पुरवठा दल म्हणता येईल. रेशन, पेट्रोल, गाड्या बघणारी एएससी (आर्मी सर्व्हिस कोअर) वेगळी, लष्कराच्या भाकऱ्या खऱ्या अर्थाने भाजणारी ती.

पलटण आणि रेजिमेंट याबद्दल प्रश्न विचारणाऱ्यांनी विचारलं नाही पण तिथेही हाच घोळ होतो म्हणून सांगून टाकतो. पलटण हा शब्द बटालियनवरून आला असं धरतात, त्यात प्लाटूनचीही सरमिसळ झाली असावी, पण अर्थाने तो पायदळाची बटालियन आहे, साधारण ८०० माणसं. मराठा लाइट इन्फंट्रीचा माणूस ‘आमची पलटण’ म्हणतो तेव्हा तो आपल्या बटालियनबद्दल बोलत असतो, त्याची रेजिमेंट म्हणजे बेळगावला केंद्र असलेलं पूर्ण कुटुंब, तिच्यात अशा कितीतरी पलटणी. उलट तोफखान्यात आणि रणगाड्यात रेजिमेंट म्हणजेच ती बटालियनएवढी तुकडी, तोफखान्याच्या एका रेजिमेंटमध्ये साधारण १८ तोफा, तीन बॅटऱ्यांत, म्हणजे छोट्या तुकड्यांत, वाटलेल्या. म्हणून ‘एक रेजिमेंट पाठवली’ हे वाक्य पायदळाबद्दल लिहिलं तर जवळपास नेहमी चूक असतं आणि तोफखान्याबद्दल लिहिलं तर बरोबर. कोअरचंही तसंच, सिग्नल्स कोअर म्हणजे (संदेशवहनाची) शाखा, पण स्ट्राइक कोअर म्हणजे अनेक डिव्हिजनची मोठी फौज. आणि कृपया कॉर्प्स लिहू नका, प आणि स उच्चारात नाहीत, कोणताही फौजी कोअरच म्हणतो.

नाईक हा शब्द तेवढा जसाच्या तसा टिकलाय, त्याचा मला फार आनंद वाटतो. शिवाजी महाराजांच्या पायदळात नऊ-दहा पाइकांवर (पायदळाच्या शिपायांवर) एक नाईक आणि पाच नायकांवर एक हवालदार असायचा. आजही पायदळात दहाएक माणसांचं सेक्शन असतं आणि ते सांभाळायला नाईक किंवा हवालदारच असतो.

तर ते वाक्य मी असं लिहीन: ‘या सरावात पायदळ, रणगाडा दल, तोफखाना, इंजिनिअर दल आणि आयुध पुरवठा दल सहभागी झाले.’ मेकॅनाइज्ड इन्फंट्री असेल तर यांत्रिक पायदळ असं वेगळं घाला. आणि बातमी देणाऱ्यांना कळवणार असाल तर पहिल्यांदा तो आर्मर्डचा ‘र’ दाखवा, बाकीचे शब्द चर्चेचे आहेत पण तो चुकीचाच आहे.