ग्रेडियंट कमी आहे, तर टावीसाठी अधिक चांगल्या व्हॉल्व्हची वाट पाहावी का?

ऐरोलीत राहणाऱ्या तुमच्या ७६ वर्षांच्या आईंना चालताना धाप लागते. इकोमध्ये महाधमनीच्या व्हॉल्व्हचे क्षेत्रफळ ०.८ चौरस सेंटीमीटर, सरासरी ग्रेडियंट (व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक) मात्र २८ आणि हृदयाचे पंपिंग ५५ टक्के आले आहे. टावीचे, म्हणजे छाती न उघडता मांडीतल्या रक्तवाहिनीतून बसवायचे व्हॉल्व्ह दोन-तीन वर्षांत सुधारतील, तोवर थांबावे का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही, ठाण्यात टूडी इको करणारा तंत्रज्ञ आहे. हे आकडे कसे तयार होतात ते रोज पाहतो. माझ्या मते थांबायचेच असेल तर पक्क्या निदानापुरते थांबावे, नव्या व्हॉल्व्हसाठी नव्हे.

क्षेत्रफळ १ च्या खाली म्हणजे व्हॉल्व्ह तीव्र अरुंद, पण ग्रेडियंट ४० च्या खाली म्हणजे तसा नाही, असा दोघांचा मेळ बसत नसेल, तर पहिला संशय आमच्या मोजणीवर घ्यावा. व्हॉल्व्हच्या खालच्या मार्गाचा व्यास आम्ही पडद्यावर दोन खुणा ठेवून मोजतो आणि सूत्रात त्याचा वर्ग होतो. त्यामुळे २० मिलिमीटरऐवजी १८ टिपले गेले, तर १.१ चे क्षेत्रफळ ०.८९ होते, म्हणजे मध्यम आजार केवळ कागदावर तीव्र ठरतो. याच्या उलटही घडते. वयस्कर स्त्रियांत पुष्कळदा हृदयाचा डावा कप्पा जाड आणि लहान झालेला असतो. पंपिंग उत्तम दिसले तरी दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त थोडेच असते, आणि प्रवाहच कमी असल्यामुळे व्हॉल्व्ह खरोखर तीव्र अरुंद असूनही ग्रेडियंट ४० पर्यंत चढत नाही. तपासणीच्या वेळी बीपी वाढलेले असले, तरी आकडे फसवतात.

हा तिढा सोडवायला सीटीवरील कॅल्शियमची मोजणी उपयोगी पडते. स्त्रियांत साधारण १२०० आणि पुरुषांत २००० च्या पुढचा आकडा तीव्र आजाराकडे बोट दाखवतो.

२००२ मध्ये फ्रान्समधील रुआँ येथे अ‍ॅलाँ क्रिबिए यांनी पहिला टावी व्हॉल्व्ह बसवला, तेव्हापासून व्हॉल्व्ह आत नेणाऱ्या नळ्या बारीक झाल्या, व्हॉल्व्हच्या कडेने होणारी गळती कमी झाली आणि वापीच्या मेरिल कंपनीचा मायव्हॅल हा व्हॉल्व्ह मधल्या मापांतही मिळू लागला. पुढचे संशोधन व्हॉल्व्हच्या पाकळ्यांवर कॅल्शियम उशिरा साचावे आणि पुढे कधी अँजिओप्लास्टी करावी लागल्यास हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तोंडे मोकळी राहावीत, यासाठी चालले आहे. त्याचा खरा लाभ साठीतल्या रुग्णांना होईल. धाप लागणाऱ्या ७६ वर्षांच्या आईंना त्यासाठी थांबवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. टावीच्या २०१० च्या ‘पार्टनर’ नावाच्या अभ्यासात शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या ज्या रुग्णांना व्हॉल्व्ह बसवला नव्हता, त्यांतले सुमारे निम्मे वर्षभरात दगावले होते.

मात्र आजार मध्यमच निघाला, तर घाईही नको. हृदय कमकुवत असलेल्या मध्यम आजाराच्या रुग्णांवरील २०२४ च्या अभ्यासात टावीचा मुख्य फायदा सिद्ध झाला नाही, जीवनमान तेवढे सुधारले.

आता बीपी आटोक्यात असताना इको पुन्हा करून घ्यावा, अहवालात व्हॉल्व्हखालच्या मार्गाचा व्यास आणि शरीराच्या आकारमानानुसार दर ठोक्याचे रक्त किती हे लिहून मागावे, आणि रंगद्रव्याविना होणाऱ्या कॅल्शियमच्या सीटीबद्दल हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.