जुने घर रिकामे करताना आठवणींच्या वस्तूंपैकी काय ठेवावे?

तुम्ही लिहिले आहे की आई-वडिलांच्या पश्चात डिचोलीचे घर रिकामे करायचे आहे, पणजीतला फ्लॅट दोनच खोल्यांचा आहे, धाकटा भाऊ भंगारवाल्याला बोलावून एका दिवसात सगळे मोकळे करू म्हणतो आणि तुमचा हात मात्र प्रत्येक वस्तूपाशी अडतो. चार वर्षांपूर्वी फोंडा तालुक्यातले आमचे घर आवरताना माझी हीच अवस्था झाली होती, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळे ठेवले म्हणजे सगळे जपले, असे मलाही वाटत असे. माझे वडील गावच्या देवळातील उत्सवात कितीतरी वर्षे नाटकांत कामे करीत. त्यांच्या भूमिकांच्या हस्तलिखित नकला, ज्यांत प्रवेशाच्या जागी त्यांनी लाल पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, त्या मी त्यांच्या निधनानंतर पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या. ओल लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधल्या, वर डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि निश्चिंत झाले. सहा पावसाळ्यांनी ट्रंक उघडली तेव्हा पिशवीतल्या सगळ्या वह्यांची मिळून एक वीट झाली होती. पान सोडवायला जावे तर कागदाचा पापुद्रा बोटाला चिकटून येत होता आणि शाई पसरून अक्षरांच्या जागी निळे डाग उरले होते. त्याच ट्रंकेत एक नक्कल पिशवीत न मावल्यामुळे बाबांच्या जुन्या उपरण्यात गुंडाळलेली होती, तेवढी एक मला आजही वाचता येते. आपल्याकडे जुलैमध्ये हवेतील आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते आणि सत्तरच्या वर गेली की बुरशी धरू लागते. प्लास्टिक ती ओल बाहेर जाऊ देत नाही, सुती कापड जाऊ देते. हे मला आधी कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते.

तेव्हापासून मी एकच कसोटी लावते: पावसाळा सरल्यावर दरवर्षी एकदा, जेवढ्या वस्तू स्वतःच्या हातांनी बाहेर काढून, पुसून, वारा देऊन परत ठेवता येतील, तेवढ्याच ठेवायच्या. कागद आणि रेशीम थेट उन्हात टाकू नयेत, रंग उडतो. राजांगणाच्या, म्हणजे घरातल्या मधल्या चौकाच्या कडेला, वारा लागेल अशा सावलीत ठेवावेत, आणि फ्लॅटमध्ये खिडकीपाशी. आईची एखादी साडी ठेवणार असाल तर ती पांढऱ्या मलमलीत गुंडाळा आणि दर काही महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जरीच्या साडीला घडीवरच चीर जाते. अशा देखभालीने तीन साड्या टिकतात. मी बावीस ठेवल्या होत्या, त्यांतील बऱ्याचशा कपाटातच विरल्या. त्या वेळीच मावशीला, वहिनीला, भाच्यांना दिल्या असत्या तर निदान चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, कोणाच्या तरी अंगावर दिसल्या असत्या.

कागदपत्रांना मात्र ही कसोटी लावू नका. 1961 पूर्वीचे, म्हणजे गोवा मुक्त होण्याआधीचे, जे काही पोर्तुगीज भाषेतील सापडेल, म्हणजे खरेदीखते, जन्मनोंदीच्या प्रती, वाटणीच्या इन्व्हेंटरीचे (मालमत्तेची यादी करून ती वारसांत वाटण्याच्या प्रक्रियेचे) कागद, ते वाचता येत नाही म्हणून रद्दीत जाता कामा नये. गोव्यात वारसांमधील वाटणी आजही इन्व्हेंटरीच्या प्रक्रियेने होते, 2012च्या वारसाविषयक कायद्यानेही ती पद्धत कायम ठेवली आहे, आणि जमिनीचा प्रश्न निघाला की याच जीर्ण कागदांची शोधाशोध होते. घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी ते वेगळे काढा, त्यांच्या प्रती करून घ्या आणि भावाकडेही एक संच द्या. जुनी मराठी किंवा पोर्तुगीज नियतकालिके निघाली तर पणजीतील पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात विचारून पाहा. तिथे गोव्याविषयीच्या दुर्मिळ साहित्याचा वेगळा विभाग आहे.

तांब्या-पितळेची मोठी भांडी वजनावर विकली की वितळवली जातात, हे विकण्याआधी मनाशी स्पष्ट असावे. आमचे पाणी तापवायचे तांब्याचे भाण मी चुलतभावाला दिले, कारण त्याच्याकडे देवकार्याला अजून चुलीवर पाणी तापते. माझ्या फ्लॅटमध्ये त्यात शोभेची झाडे लावावी लागली असती आणि ते मला पटले नाही. शेतीची जुनी अवजारे असतील तर बाणावलीचे ‘गोवा चित्र’ हे संग्रहालय एकदा जाऊन बघा. आपल्या गोठ्यातल्या नांगराकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल. छायाचित्रांबाबत थोडेच सांगते: स्कॅन करायच्या आधी घरातल्या सर्वांत वृद्ध आत्याला किंवा काकीला शेजारी बसवा आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नावे लिहा, पेनाची शाई पुढे उमटते. नावे सांगणारे माणूस गेले की तो फोटो आपला राहत नाही, आणि ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली आहे, कारण आमच्या एका लग्नाच्या फोटोतील अकरा माणसांपैकी पाच जण कोण हे आता सांगणारे कोणीच नाही.

भावाशी वाद घालू नका. माझा भाऊही ‘सगळे देऊन टाक’ असेच म्हणत होता. त्याला पटवण्याऐवजी मी त्याला दोन दिवस घरी राहायला बोलावले आणि माळ्यावरचे सामान दोघांनी मिळून खाली उतरवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांची रंगभूषेची लाकडी पेटी निघाली; झाकणातल्या आरशाचा पारा उडाला होता, एका कोपऱ्यात सफेद्याची डबी सुकून बसली होती. लहानपणी ती पेटी उचलून बाबांच्या मागोमाग देवळापर्यंत जायचे काम त्याचे होते. मी काही बोलायच्या आत त्याने ती पुसली आणि स्वतःच्या गाडीत नेऊन ठेवली.

तुम्ही हे काम चवथीच्या साफसफाईत उरकू नका, दसऱ्यानंतर कोरडी हवा पडली की सुरू करा.