हेक्साफ्लुओरोफॉस्फेट निष्क्रिय आयन आहे, मग लिथियम बॅटरीत एचएफ कुठून येतो?

प्रश्न भुसावळच्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याचा आहे: पुस्तक या आयनाला निष्क्रिय म्हणतं, आणि बॅटरीबद्दल वाचायला घेतलं की याच आयनापासून हायड्रोफ्लुओरिक आम्ल (एचएफ) होतं असं सापडतं. खरं काय?

दोन्ही खरं आहे. आयन तोच, पण शेजारी कोणता धनायन (धन प्रभाराचा आयन) बसलाय त्यावर त्याचं वागणं ठरतं.

फॉस्फरसभोवती सहा फ्लुओरिन, अष्टफलकाच्या सहा टोकांवर, आणि एकच ऋण प्रभार त्या सगळ्यांत वाटलेला. त्यामुळे हा आयन सहसा कुणाला चिकटायला जात नाही. म्हणूनच मोठे धनायन द्रावणातून बाहेर काढायला आम्ही तो वापरतो. रुथेनियम-बायपिरिडीन या अशाच एका मोठ्या धनायनाच्या गडद नारिंगी द्रावणात अमोनियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेटचं द्रावण थेंबाथेंबाने सोडा. थेंब पडेल तिथेच नारिंगी साका धरतो आणि वरचं पाणी फिकं होत जातं. तो साका धुऊन, वाळवून फॉस्फरस-३१ एनएमआर (फॉस्फरसभोवती कोणते अणू आहेत ते दाखवणारा स्पेक्ट्रम) काढा. उणे १४४ पीपीएमजवळ सात रेघा दिसतात, कारण सहा फ्लुओरिन एकसारखे आहेत. मला आजही तो स्पेक्ट्रम बघायला फार आवडतं.

आता लिथियम. बॅटरीतल्या द्रवात याच आयनाचा लिथियम क्षार विरघळवलेला असतो. हा धनायन इवलासा, आणि फ्लुओराइडची त्याला जबरदस्त ओढ. पोटॅशियमचा क्षार ५०० अंशांच्या वरही तग धरतो, लिथियमचा मात्र २०० अंशांच्या आतच फुटायला लागतो: लिथियम फ्लुओराइड मागे राहतं, फॉस्फरस पेंटाफ्लुओराइड वायू सुटतो. बॅटरीतल्या कार्बोनेट द्रावकात तर ६०-७० अंशांनाही हे जाणवण्याइतकं घडतं. खरा खोडकर हा पेंटाफ्लुओराइड. पाण्याचा अंश मिळाला की त्यातून फॉस्फोरिल फ्लुओराइड आणि एचएफ तयार होतात. एचएफ कॅथोडच्या (बॅटरीच्या धन टोकाच्या) ऑक्साइडवर तुटून पडतो, त्यातून पुन्हा पाणी निघतं, आणि पुन्हा एचएफ. मँगनीज असलेल्या कॅथोडमधून मँगनीज झिरपतं त्याचं हे एक मोठं कारण. पेंटाफ्लुओराइड द्रावकालाही सोडत नाही.

मग हाच क्षार का वापरतात? कारण बाकी सगळं एकत्र देणारा दुसरा सहज मिळत नाही: द्रावकात भरपूर विरघळतो, वहन चांगलं, आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर फ्लुओराइडचा थर धरून तो गंजू देत नाही. एकेका गुणात त्याला मागे टाकणारे क्षार आहेत. सगळ्यांत मिळून नाहीत.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पार जातो, आणि उन्हात लावलेल्या स्कूटरची बॅटरी हवेपेक्षा बरीच जास्त तापते. ती लगेच फुटेल असं नाही, पण वर सांगितलेली क्रिया वेग घेते आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. गाडी सावलीत लावा, आल्याआल्या चार्जिंगला लावू नका, आधी निवू द्या. फुगलेली बॅटरी टोचून किंवा उघडून बघू नका. एचएफ कातडीतून आत जातो आणि सौम्य असेल तर दुखणं काही तासांनी सुरू होतं. अंगावर गळालंच तर भरपूर पाण्याने धुऊन थेट दवाखाना गाठा, आणि ‘एचएफ असू शकतं’ हे डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट लागतं.